सतरा पाहुणे आणि एक ओटा

लोहाऱ्यात कलशेट्टींच्या दारातून आजवर कुणी विन्मुख परत गेलेलं नाही, ही गोष्ट गौरीशंकर कलशेट्टी ज्याला त्याला सांगत. ज्याला सांगत तो बहुधा त्यांचाच चहा पीत बसलेला असे, त्यामुळं त्याला मान डोलावण्यावाचून इलाज नसे. आजोबांपासूनचा नेम होता. भिक्षेला जंगम येवो, बोहारीण येवो, नाहीतर पत्ता विचारणारा येवो. आधी पाणी, मग चहा, आणि मग काय काम काढलंत ते. एकदा तर पलीकडच्या गल्लीतल्या बारशाला निघालेला अख्खा टेम्पो चुकून यांच्याच दारात रिकामा झाला. मंडळी पोटभर जेवली आणि बाळाचं अंगडं-टोपडं उमादेवींच्या हातात ठेवून गेली. उमादेवींना तेव्हा चौपन्नावं वर्ष लागलं होतं.

हाच नेम घरातल्या संगणकालाही लावायचा, असं गौरीशंकरांनी ठरवलं आणि सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

संगणक खरं म्हणजे उमादेवींचा. अकरावीत असताना लग्न झालं, पुस्तकं माळ्यावर गेली, ती तेहेतीस वर्षांनी खाली आली. आता त्या घरबसल्या बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होत्या. लेक श्रीदेवी पुण्यात नोकरीला. तिनं आईसाठी संगणक पाठवला. शेवटचा प्रकल्प होता ‘लोहारा परिसरातील जात्यावरच्या ओव्या’. गल्लीतल्या ऐंशी वर्षांच्या इरम्माजवळ बसून उमादेवींनी दोन वर्षांत एकसष्ट ओव्या उतरवून घेतल्या होत्या. हा प्रकल्प शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत विद्यापीठाच्या पोर्टलवर चढवायचा होता. नाही चढला तर वर्ष वाया. इरम्मा रोज विचारायची, “माझं नाव छापून आलं का गं?” आणि पुढच्या वर्षी हा प्रश्न विचारायला ती असेलच, अशी खात्री इरम्मालाही नव्हती.

पण घरात नवी वस्तू आली की तिचा कारभार आपोआप गौरीशंकरांकडं जाई. हायस्कुलातून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झालेला माणूस. “तू लिहायचं बघ,” ते म्हणाले, “सुरक्षा मी बघतो.” जोडीला उमादेवींचं लिखाण तपासायचं खातंही त्यांनी न विचारताच स्वतःकडं घेतलं होतं. त्या स्वयंपाकघरात गेल्या की हे हळूच खुर्चीवर बसत. इरम्माची एक ओवी होती:

जातं फिरतं गरगर, मन माझं गेलं पुढं
बंधूच्या गं गावाची, एष्टी दिसंना कुठं

तिच्यातली शेवटची ओळ त्यांनी ‘बस अद्याप दृष्टिपथात नाही’ अशी दुरुस्त करून ठेवली होती. उमादेवींनी ती पुन्हा होती तशी केली. त्यांनी परत दुरुस्त केली. असं चारदा झालं.

आता सुरक्षा. ब्राउझर उघडला की वरच्या कोपऱ्यातून एक चौकट डोकावायची. अमुक साइट आपल्याला सूचना दाखवू इच्छिते. खाली दोन बटणं, ‘अनुमती द्या’ आणि ‘ब्लॉक करा’. आता आलेला इतक्या अदबीनं विचारतोय आणि आपण त्याच्या तोंडावर दार आपटायचं, हे कलशेट्टींच्या घराण्यात बसणारं नव्हतं. गौरीशंकर अनुमती देत गेले. पण तोवर हे पाहुणे नुसते दारातून हाका मारत.

त्यांना घरात आणलं ते मल्लिनाथनं. मल्लिनाथचं शेजारी पाइप, पत्रे आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान. दुकानात गिऱ्हाईक कमी आणि सल्ला जास्त.

“अप्पा, कंप्युटर असा उघडा ठिवलाव व्हय?” एके दिवशी त्यानं चहाचा कप खाली ठेवत विचारलं. “राखणदार न्हाय, काय न्हाय? आवो, जग लई बेकार झालंय. ब्राउझरला प्लगिन जोडा. फुकट मिळतंय. म्या परवाच नाव ऐकलंय, ‘कडेकोट पहारेकरी’. ते बसवलं की मच्छर आत येत न्हाय.”

“तुझ्या दुकानातल्या कंप्युटरवर बसवलंय?”

“न्हाय. माझ्यात काय चोरण्यासारखं हाय?”

प्लगिन म्हणजे ब्राउझरला जोडायचे छोटे छोटे तुकडे. कुणी त्यांना एक्स्टेंशन म्हणतं. गौरीशंकर पाहुणेच म्हणू लागले. पहारेकऱ्यानं आत येण्याआधी लेखी विचारलं: ‘सर्व वेबसाइटवरील तुमचा सर्व डेटा वाचणे आणि बदलणे’. गौरीशंकरांना कौतुक वाटलं. शाळेत तीस वर्षं काढली, पण अर्जात आपली मागणी इतकी स्वच्छ मांडणारा पालक काही भेटला नव्हता. त्यांनी अनुमती दिली आणि रीतसर नोंदवही उघडली. लांब, लाल कापडी पाठीची, शाळेतली उरलेली. तिच्यात रकाने आखले: अनुक्रमांक, पाहुण्याचं नाव, कुणाच्या ओळखीनं, आल्याची तारीख, मागणी, निर्णय, गेल्याची तारीख. निर्णयाच्या रकान्यात ‘हरकत नाही’ आणि सही.

मग काय विचारता! एका पाहुण्याच्या ओळखीनं दुसरा येऊ लागला. एक हवामान सांगणारा आला. तो लोहाऱ्यात बर्फ पडणार असं सांगे, पण सांगण्याची पद्धत फार मार्दवाची होती. एक रोजचं पंचांग सांगणारा. एक डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून सगळं पान पिवळं करणारा. एक सवलतींची कुपनं शोधणारा. हा सगळ्यात उत्साही, काहीही उघडलं की समोर रंगीत चक्र फिरवून ‘थांबा! नशीब आजमावा!’ म्हणे. एक दुसरा राखणदारही आला, तो आल्या आल्या म्हणाला, ‘तुमच्या संगणकावर कडेकोट पहारेकरी नावाचा धोका आढळला.’ त्यावर पहारेकऱ्यानंही त्याच्याबद्दल तसंच कळवलं. दोघं सख्ख्या भाऊबंदांसारखे एकमेकांच्या तक्रारी आणू लागले. गौरीशंकरांनी दोघांचीही बाजू ऐकून घेतली आणि दोघांनाही ठेवून घेतलं.

महिन्याभरात नोंदवहीत सतरा नावं झाली. संगणक उघडायला आता इतका वेळ लागे की उमादेवी बटण दाबून कुकर लावायला जात आणि तीन शिट्ट्या झाल्या की परत येत.

“अहो, पूर्वी एवढा वेळ लागत नव्हता.”

“घरात माणसं वाढली की न्हाणीघराला नंबर लागतोच,” गौरीशंकर म्हणाले.

गुरुवारी दुपारी चार वाजता वाशीहून फोन आला. मल्लम्मा, गौरीशंकरांची थोरली बहीण. अंगानं भरदार आणि आवाजानं त्याहून.

“गौरीशंकर, तुझ्या बायकोला काय झालंय?”

“काय झालं अक्का?”

“मला विचारतोस? माझ्या नातवानं वाचून दाखवलं की मला. सगळ्या पोरांसमोर! ‘तुमचं पोट सुटलंय का? लोक हसतात का? पंधरा दिवसात उतरवा.’ खाली नाव, उमादेवी कलशेट्टी. अय्यो, छत्तीस वर्षं हिच्या मनात हे होतं व्हय?”

गौरीशंकर फोन तसाच ठेवून उठले. संगणकावर जाऊन बघतात तो उमादेवींच्या मेलमधून त्यांच्या ओळखीच्या एकूण एक माणसाला हेच पत्र गेलेलं. मठातल्या स्वामींना गेलेलं. प्रकल्पाच्या मार्गदर्शक बाईंना गेलेलं. श्रीदेवीचे सासरे, बसवकल्याणचे शिवलिंगप्पा, ज्यांच्यासमोर उमादेवी अजून डोक्यावरचा पदर ढळू देत नाहीत, त्यांनाही गेलेलं. शिवलिंगप्पांनी तर उत्तरही पाठवलं होतं: ‘विहीणबाई, आपण माझ्या तब्येतीची एवढी काळजी करता हे आजच कळले. दोन डबे धाडावेत. जेवणाआधी घ्यायचे की नंतर?’

उमादेवींनी ते वाचलं. त्या रागावल्या असत्या तर गौरीशंकरांना बरं वाटलं असतं. पण त्या काहीच बोलल्या नाहीत, आणि छत्तीस वर्षांच्या अनुभवानं गौरीशंकरांना या गप्प बसण्याची फार भीती वाटत असे.

शुक्रवारी दुपारी उमादेवी पोर्टल उघडायला गेल्या तर तिथं कुलूप. ‘संशयास्पद हालचाल आढळल्याने आपले खाते बंद करण्यात आले आहे.’ कुणीतरी, कुठल्यातरी परक्या देशातून, उमादेवी कलशेट्टी या नावानं विद्यापीठात शिरायचा प्रयत्न केला होता.

“आपला पासवर्ड त्यांना कसा कळला?” उमादेवींनी विचारलं.

“तेच मलाही आश्चर्य वाटतंय,” गौरीशंकर म्हणाले. “दोन दोन राखणदार असताना!”

दोघं तडक अभ्यास केंद्रावर गेले. केंद्राचे संयोजक धनाजी सर. टेबलावर काच, काचेखाली जुनी वेळापत्रकं, त्यावर सरांचे दोन्ही कोपर.

“कुलूप काढायचं असंल तर अर्ज करावा लागतो,” सर म्हणाले.

“हा घ्या अर्ज.” गौरीशंकरांनी सुवाच्य अक्षरात लिहिलेला, विषय आणि संदर्भ घातलेला अर्ज पुढं केला.

“असा न्हाय चालत. पोर्टलवर करा.”

“पण पोर्टललाच कुलूप आहे.”

“मग तशी तक्रार करा.”

“कुठं?”

“पोर्टलवर.”

गौरीशंकर खुर्चीत ताठ झाले. हाच आवाज, हेच कोपर, ही अशीच काच! तीस वर्षं ते स्वतः अशाच टेबलामागं बसून शाळा सोडल्याच्या दाखल्याला ‘उद्या या’ म्हणत आले होते. समोरच्या माणसाला टेबलाच्या या बाजूनं काय वाटत असेल, याचा विचार त्यांच्या मनात कधी आला नव्हता. आता आला, आणि त्यांना ते अजिबात आवडलं नाही.

धनाजी सरांना मात्र उमादेवींच्या चेहऱ्याकडं बघून दया आली असावी. ते घड्याळाकडं बघून हळू आवाजात म्हणाले, “ताई, असं करा. चोवीस तासांनी कुलूप आपोआप निघतं. उद्या दुपारी तीनला. नवा पासवर्ड घ्या. पण ज्या कंप्युटरवर ही भानगड झाली त्याच्यावर न्हाय हां, परत कुलूप बसलं तर मग पुढच्या वर्षीच.”

दुसरा संगणक शोधायला हवा होता. पण पीक विम्याचे दिवस, सेवा केंद्रांबाहेर सातबारा घेऊन उभ्या असलेल्यांच्या रांगा थेट रस्त्यापर्यंत. मल्लिनाथ म्हणाला, “अप्पा, आपलं दुकान काय मेलंय का?”

शनिवारी तीनला तिघं मल्लिनाथच्या दुकानात जमले. संगणकावरची सिमेंटची धूळ पुसली. प्रकल्पाची फाईल मेलमध्ये होती, म्हणून गौरीशंकरांनी ब्राउझरमध्ये उमादेवींचं खातं उघडलं आणि समाधानानं मागं टेकले. एक मिनिट काही झालं नाही. मग वरच्या कोपऱ्यात एक छोटं चित्र उमटलं. मग दुसरं. मग पंचांग आलं. पान पिवळं झालं. लोहाऱ्यात बर्फ पडू लागला. पडद्याच्या मधोमध रंगीत चक्र फिरायला लागलं, ‘थांबा! नशीब आजमावा!’

सगळे सतरा पाहुणे मागोमाग आले होते. खातं जिथं जाईल तिथं तेही जातात, हे गौरीशंकरांना कुणी सांगितलंच नव्हतं.

“अप्पा, हे काय करायलाव माझ्या कंप्युटरला!” मल्लिनाथ ओरडला. त्याच्या मोटारींच्या दरपत्रकावर पोट उतरवायच्या गोळ्यांची जाहिरात चढली होती.

“पोर्टल उघडू?” गौरीशंकरांनी विचारलं.

“हात लावू नका!” उमादेवी म्हणाल्या. अभ्यास केंद्रावरून आल्यापासून त्यांनी उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. त्यांनी खातं बंद केलं, पदर खोचला आणि त्या घराकडं निघाल्या. मागून गौरीशंकर, त्यांच्या मागून मल्लिनाथ. पावणेचार वाजले होते.

घरी येऊन उमादेवींनी संगणक सुरू केला, पण त्या त्याच्यापुढं बसल्या नाहीत. त्यांनी लाल पाठीची नोंदवही मागितली. ती वाचायला घेतली आणि पानापानागणिक त्यांच्या भुवया वर गेल्या.

“हा हवामानवाला. मागणी: सर्व वेबसाइटवरचा सर्व डेटा वाचणे आणि बदलणे. अहो, पाऊस सांगायला ह्याला माझी पत्रं कशाला वाचायची?”

गौरीशंकरांनी मान वाकवून मागणीचा रकाना पुन्हा वाचला.

“हा पंचांगवाला. तेच. चतुर्थी कधी हाय सांगायला माझा पासवर्ड बघायचा?”

“दारात आलेल्याला नाही कसं म्हणायचं, उमा? आपल्या घराची रीत…”

“रीत मला सांगू नका. ह्या घरात आलेल्याला चहा कोण करतंय छत्तीस वर्षं? तुम्ही नुसतं ‘या’ म्हणता.” उमादेवींनी दाराकडं बोट केलं. “बोहारणीला म्या कुठं बसवते?”

“बाहेर ओट्यावर.”

“जंगमाला?”

“सोप्यात. सतरंजीवर.”

“तुमच्या अक्काला?”

“माजघरात.”

“आणि देव्हाऱ्यापाशी? लुगड्यांच्या ट्रंकेपाशी?”

“तिथं कुणालाच नाही.”

“मग? परत कुणीच गेलं न्हाय, व्हय. पण पाणी प्यायला आलेल्यानं ट्रंक उघडून दाखवा म्हणलं, तर म्या काय ‘हरकत नाही’ म्हणून सही करते? तुम्ही ह्या सतरा जणांना एकदम ट्रंकेवर नेऊन बसवलंत!”

मल्लिनाथ दारातूनच म्हणाला, “वैनी बराबर बोलायल्यात, अप्पा. म्या तवाच सांगणार होतो.”

“तू थांब,” उमादेवी म्हणाल्या. त्यांचं बोट नोंदवहीच्या पहिल्या ओळीवर होतं. “मागच्या महिन्यात दोन तारखेला नवा पासवर्ड केला, तेव्हा ह्यातलं कुणीच आत नव्हतं. त्यानंतर आलेले सगळे एकाच्या ओळखीनं आलेत. तो कोण? कडेकोट पहारेकरी. आणि ह्याला कुणी आणलं? ‘मल्लिनाथ यांच्या ओळखीने.’ सुवाच्य अक्षरात लिहिलंय.”

कुंपणानंच शेत खाल्लं होतं. मल्लिनाथला अचानक दुकान उघडं टाकून आल्याची आठवण झाली.

सव्वाचार. “काढा एकेकाला,” उमादेवी म्हणाल्या. “तुम्ही आत घेतलेत, तुम्हीच काढा.”

गौरीशंकरांनी पहारेकऱ्याला काढलं. लगेच एक नवं पान उघडलं. त्यावर डोळ्यांत पाणी आणलेलं कुत्र्याचं पिल्लू आणि खाली लिहिलेलं: ‘आम्ही निघालो. आमचं काय चुकलं, सांगाल का?’ गौरीशंकरांना गलबलून आलं. त्यांनी टंकायला सुरुवात केली, ‘महोदय, आपल्या सेवेबद्दल आभारी आहोत, तथापि काही अपरिहार्य कारणास्तव…’

“अहो!”

“निदान दोन ओळी…”

“हात जोडा आणि पुढचा!”

हात जोडले. हवामानवाला गेला, त्याचंही पिल्लू आलं. पंचांग, पिवळा पडदा, दुसरा राखणदार. प्रत्येक वेळी गौरीशंकर हात जोडत आणि ओठांतल्या ओठांत ‘या बरं का’ म्हणत. “या म्हणू नका!” उमादेवी दर वेळी ओरडत, कारण ऐकणारा खरंच परत येईल अशी त्यांना धास्ती होती. कुपनवाला मात्र सहजासहजी हलेना. चारदा ‘थांबा! जाऊ नका!’ म्हणाला. पाचव्या वेळी गौरीशंकरांना स्वतःलाच राग आला. “निघा म्हटलं ना!” असे ते मोठ्यानं खेकसले. कलशेट्टींच्या घरात पाहुण्याला उद्देशून हे शब्द पहिल्यांदाच उच्चारले गेले होते. ते स्वतःच दचकले. पण चक्र नाहीसं झालं.

पान पांढरं झालं. वर एकही चित्र उरलं नाही. संगणक दोन वर्षांपूर्वी आला होता तसा मोकळा दिसू लागला. चार चाळीस. उमादेवींनी पोर्टल उघडलं, नवा पासवर्ड टाकला. गौरीशंकर आपण होऊन दुसरीकडं तोंड करून उभे राहिले. फाईल निवडली. निळी पट्टी सरकू लागली. अर्ध्यात येऊन थांबली. गौरीशंकरांनी देव्हाऱ्याकडं बघितलं. पट्टी सरकली. पाच वाजायला सात मिनिटं असताना पडद्यावर अक्षरं आली: ‘आपला प्रकल्प स्वीकारण्यात आला आहे.’

उमादेवी खुर्चीतच बसून राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत. मग उठून दारात गेल्या आणि पलीकडं ओरडून म्हणाल्या, “इरम्मा, गेलं गं तुझं नाव!” पलीकडून इरम्माचा आवाज आला, “एष्टी हाय ना त्याच्यात?”

“हाय! एष्टी तशीच हाय!”

गौरीशंकर नोंदवही घेऊन बसले. ‘गेल्याची तारीख’ हा रकाना महिनाभर कोरा होता. त्यांनी सतरा वेळा तारीख लिहिली. अक्षर थोडं हललं, पण ओळ सुटली नाही. बहिणीला आणि व्याह्यांना खुलाशाची दोन पत्रं लिहायची होती, त्यांतलं व्याह्यांचं जास्त अवघड होतं, कारण डबे येणार नाहीत हे त्यांना कळवायचं होतं.

“द्या इकडं,” उमादेवी म्हणाल्या. त्यांनी वही आपल्याकडं ओढली, पेन घेतलं आणि सतराव्या ओळीखाली अठरावी ओळ लिहिली. गौरीशंकर मान वाकडी करून वाचू लागले.

‘१८. गौरीशंकर कलशेट्टी. कुणाच्या ओळखीनं: स्थळ मामांनी आणले. आल्याची तारीख: लग्नाची तिथी. मागणी: माझे सर्व लिखाण वाचणे आणि बदलणे.’

गौरीशंकरांनी घसा साफ केला. दृष्टिपथात न आलेली बस त्यांना आठवली.

निर्णयाच्या रकान्यात उमादेवींनी थोडा विचार करून लिहिलं, ‘वाचण्यास हरकत नाही. बदलण्यास परवानगी नाही.’ आणि शेवटच्या रकान्यात, जिथं गेल्याची तारीख लिहायची, तिथं त्यांनी एक आडवी रेघ ओढली. शाळेत ज्या रकान्यात कधीच काही भरायचं नसतं, त्यात गौरीशंकर अशीच रेघ ओढत.

गौरीशंकरांनी पेन घेतलं आणि खाली सही केली.

“चहा ठेवू?” उमादेवींनी विचारलं.

“ठेव,” गौरीशंकर म्हणाले, आणि न सांगता उठून ओट्यावर जाऊन बसले.